रचनेचा तास

आपल्या मंडळांच्या बैठकींतून मुलांच्या मराठीचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते. घरात मराठी बोलली जाते की नाही, आणि शाळेत मराठी उरली की गेली. मूल महाविद्यालयात गेले की त्याचे भाषेचे शिक्षण आटोपले, पुढे पोटापाण्याची विद्या, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव याच्या उलट आहे. मला लिहावयास शिकविले ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाने. तेही आठवड्यातून एकदा, शनिवारी शेवटच्या प्रहरी भरणाऱ्या आणि परीक्षेत फारसे वजन नसलेल्या एका तासाने. वेळापत्रकात त्याचे नाव नुसते ‘रचना’ असे होते. त्या तासाविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचे गाव निसरपूर. धार जिल्ह्यात, कुक्षी तहसिलीत, नर्मदेच्या उत्तर अंगाला. अठराव्या शतकात पवारांनी धार आणि देवास येथे राज्ये स्थापिली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून जी कारकून, वैद्य, भिक्षुक, शिलेदार मंडळी नर्मदेच्या दोहों बाजूंना पसरली, त्यांपैकीच एका कुळाची आमची एक लहानशी फांदी. पणजोबा संस्थानच्या नोकरीत कुक्षी परगण्यात आले, निमाडच्या काळ्या मातीत थोडी जमीन घेतली आणि तेथलेच झाले. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यप्रदेश अस्तित्वात आला. आमच्या घरापुरते म्हणाल तर बदल एवढाच, की दप्तरातली मोडी गेली आणि नागरीतली हिंदी आली.

गावात मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाजारात निमाडी, शाळेत हिंदी, देवघरात संस्कृत आणि स्वयंपाकघरात मराठी, अशी आमच्या भाषांची वाटणी होती. तीही मराठी कशी, तर आजीच्या तोंडी फडताळ, पडवी, ओसरी हे शब्द जसेच्या तसे टिकलेले, आणि आम्हा मुलांच्या तोंडी ‘मी जाऊन राहिले आहे’, ‘तो येऊन गेला असेल ना का’ अशी हिंदीच्या सावलीत वाढलेली वाक्ये. पुण्याचे पाहुणे आले की ती ऐकून हसत. आम्हीही हसत असू. पण पाहुणे असेपर्यंत मग शक्यतो बोलत नसू. पुणेकरांना हे कधी कळले असेल असे मला वाटत नाही.

१९७६ साली मी हायर सेकंडरीची अकरावी उत्तीर्ण झाले. त्या काळी आमच्याकडे अकरावीनंतर थेट बी.ए.चे पहिले वर्ष असे. मला सतरावे वर्ष लागलेले. स्थळे पाहण्यास सुरुवात झाली होती. मामा इंदूरला होते. त्यांनी शब्द टाकला तेव्हा अण्णा म्हणाले, “एक वर्ष शिकून घेऊ दे. पुढचे पुढे पाहू.” त्या ‘पुढचे पुढे’चा अर्थ घरात सर्वांना ठाऊक होता. पहिले वर्ष हेच माझे शेवटचे वर्ष, असे ठरवूनच माझी वळकटी कुक्षीच्या बसवर चढली. आजीने वाटेसाठी पानिये बांधून दिले होते. मक्याच्या पिठाचे, पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये इंदूरच्या मामींनी कुतूहलाने उलटसुलट करून पाहिले, हे मला अजून आठवते.

मराठी साहित्य हा विषय घेणारे आम्ही सारे अकरा जण. बाकीचे दहा इंदूरचेच. महाराष्ट्र साहित्य सभा त्या शहरात १९१५ पासून चालत आलेली. १९१७ आणि १९३५ अशी दोन साहित्य संमेलने तेथे भरलेली, आणि तिसरे पुढे २००१ मध्ये विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली भरावयाचे होते. अशा शहरातल्या मुलांना पुस्तके, नाटके, व्याख्याने यांचा सहवास होता. मला होता तो आजीच्या पोथ्यांचा आणि पोस्टाने येणाऱ्या एका मासिकाचा. मी मागच्या बाकावर बसत असे.

रचनेचा तास घेणारे आमचे सर धारचे. वडील संस्थानच्या दफ्तरखान्यात असल्याने जुन्या कागदांत वाढलेले. आवाज बारीक, खडू हातात क्वचितच. पहिल्या शनिवारी त्यांनी ‘माझे गाव’ हा विषय दिला. दुसऱ्या शनिवारी अकरा वह्या घेऊन आले आणि कोणाचेही नाव न सांगता प्रत्येकीची पहिली दोन वाक्ये वाचून दाखविली. अकराही वह्यांत निसर्ग रम्य होता. नदी खळखळत होती. देवळाची घंटा सायंकाळी मंजुळ वाजत होती. चौथ्या-पाचव्या वहीला वर्गात हसू फुटले. शेवटची वही मिटून सर म्हणाले, “या अकरा गावांपैकी एकही मला सापडत नाही. पोस्टमनलाही सापडणार नाही.”

मग त्यांनी खिशातून एक घडी काढली. जुन्या खरेदीखताची त्यांनी स्वतः केलेली नागरी नक्कल होती. त्यांनी ती सावकाश वाचली. पूर्वेस अमक्याचे घर, भिंत सामाईक. दक्षिणेस सरकारी रस्ता. पश्चिमेस अमक्याची पडीत जागा, मध्ये बोळ दीड हात. उत्तरेस विहीर, पाण्याचा हक्क उभयतांचा. “हे लिहिणारा कारकून महिना दहा-पंधरा रुपयांचा माणूस असेल,” ते म्हणाले, “पण एवढ्यावरून मी दीडशे वर्षांनी जाऊन ती जागा दाखवू शकतो. तुम्ही दिवाळीला घरी जाल तेव्हा आपापल्या घराची चतुःसीमा लिहून आणा. विशेषण वापरायचे असेल तर माझी परवानगी काढा.”

इंदूरच्या मुलींना हे काम रुक्ष वाटले. माझे मन मात्र त्या दीड हाताच्या बोळात अडकून राहिले होते.

दिवाळीच्या सुटीत मी ओसरीवर वही घेऊन बसले. चार ओळींचे काम म्हणून बसले आणि चार दिवस उठले नाही. पूर्वेस कुंभारांची वस्ती. त्यांचा आवा पेटला की वाऱ्याने धूर आमच्या माजघरात येई. पश्चिमेस कापसाची वखार. दक्षिणेस नदीकडे उतरणारी गल्ली. ही नदी म्हणजे उरी-बाघनी, पुढे नर्मदेला मिळणारी. इथपर्यंत सोपे होते. उत्तरेस निंब आणि त्याच्या अलीकडे एक जुनी विहीर. “निंब कोणाचा?” असे मी सहज विचारले, आणि घरात दोन पक्ष पडले. अण्णांच्या मते निंब आपला. आजीच्या मते निंब शेजारच्यांचा; त्याची सावली तेवढी आपली, कारण आजोबांनी एका उन्हाळ्यात तो तोडू दिला नव्हता आणि त्याबद्दल शेजाऱ्यांना वर्षभर दोन शेर तूर दिली होती. ही हकीकत अण्णांनाही नवीन होती. ते काही न बोलता उठून मागे गेले आणि निंबाकडे पाहून आले.

आजीला लिहिता येत नव्हते. पण मी एकेक वाक्य लिहून तिला वाचून दाखवी आणि ती ते नापास करी. “वखार कोणाची ते घातलेस का? कशाची ते घातलेस का? मग नुसती ‘वखार’ म्हणून काय होते?” सर जे इंदूरला सांगत होते तेच ती ओसरीवर जात्याशी बसून सांगत होती, याचे मला तेव्हा नवल वाटले. आज वाटत नाही. ज्याला कागदाचा आधार नाही त्याला सगळे नेमकेच लक्षात ठेवावे लागते.

दक्षिणेच्या गल्लीपाशी ती फार वेळ थांबली. १९७० साली नर्मदेला मोठा पूर आला होता. त्या वेळी त्या गल्लीने पाणी वर चढून आमच्या तिसऱ्या पायरीला लागले होते. तिने मला ती पायरी दाखविली. मग म्हणाली, “हे पुराचे. डुबेचे पाणी कुठवर येईल ते मात्र त्यांनाच ठाऊक.” त्या वेळी धरणाचे बोलणे गावात होतेच. १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी गुजरातेत नवागामला त्याची कोनशिला बसविली होती. पाण्याचा तंटा सोडविण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाचा निवाडा यावयाचा होता, तो पुढे १९७९ च्या डिसेंबरात आला. तोवर ‘डूब’ हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांतही येऊ लागला होता. निसरपुरात मुलगी द्यावी की नाही, जमीन विकत घ्यावी की नाही, सारे त्याला अडलेले.

मी तो शब्द तसाच वहीत लिहिला. वही परत आली तेव्हा मला वाटले होते त्याप्रमाणे त्याच्यावर लाल काट नव्हती. सरांच्या लाल शाईने शब्द खोडले जात नसत. समासात प्रश्न मात्र उमटत. निंबापुढे प्रश्न होता: ‘तूर किती वर्षे दिली?’ डूब या शब्दापुढे होता: ‘पूर आणि डूब यांत फरक काय?’ मी पुढच्या शनिवारी आजीचेच उत्तर लिहून दिले, की पूर परत जातो. त्याच्याखाली काहीच शेरा नव्हता. परंतु त्या दिवशी सरांनी वर्गात मला उभे करून चतुःसीमा वाचावयास सांगितली. वाचताना एके ठिकाणी माझ्या तोंडून ‘धूर घरात येऊन राहिला आहे’ असे निघून गेले. कोणी हसले नाही. धुराने सगळ्यांचे लक्ष वेधले होते, ‘राहिला’ने नव्हे.

या तासाची दुसरी मोठी देणगी म्हणजे आमच्यासारख्यांची एक जुनी भीती गेली. आपण ना धड हिंदीचे, ना धड मराठीचे; मग लिहायचे कोणत्या अधिकाराने, ही भीती बाहेर वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या मनात कोठेतरी असते. सर त्यावर उपदेश करीत नसत. एकदा त्यांनी दोन भावांची गोष्ट सांगितली. गजानन माधव मुक्तिबोध हे १९१७ साली श्योपूरला जन्मले, मराठी घरात वाढले, इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ मध्ये बी.ए. झाले आणि हिंदीतले थोर कवी ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. पुढे १९७९ मध्ये त्यांच्या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. एक घर, एक आई, आणि दोघांनी दोन भाषा धरल्या. “यांतला कोणता मुलगा घरातून निघून गेला असे म्हणाल?” एवढे विचारून सरांनी हजेरीपट मिटला. आणखी एकदा ते भा. रा. तांब्यांविषयी बोलले. तांबे १८७४ साली मुंगावलीला जन्मले, झाशी, देवास, ग्वाल्हेर अशा ठिकाणी त्यांचे आयुष्य गेले. महाराष्ट्राबाहेर राहून त्यांनी जी कविता लिहिली ती महाराष्ट्राने गाइली. ही नावे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलीच होती. पण ती आपल्यासारख्याच बसने आणि आगगाडीने हिंडलेली माणसे आहेत, हे तोवर लक्षात आले नव्हते.

फेब्रुवारीत अण्णांचे पत्र आले. एक स्थळ चांगले होते. परीक्षा झाली की सामान घेऊन ये, पुन्हा जाण्याचे कारण नाही, असा मजकूर. समोरासमोर असते तर मी मान हालवून ‘हो’ म्हटले असते. आमच्या घरात मुली वडिलांपुढे बोलत नसत आणि रडणे हे बोलणे धरले जात नसे. पण हे पत्र होते, आणि पत्राला उत्तर लिहावे लागते.

मी तीन रात्री लिहीत होते. पहिल्या रात्रीचे पत्र विनवण्यांनी भरले होते. ते मी स्वतःच फाडले. दुसऱ्या रात्री समासात सर काय विचारतील ते मनाशी धरून लिहिले. तिसऱ्या रात्रीच्या पत्रात एकही विशेषण नव्हते. वर्षाची फी किती, पुस्तकांपैकी ग्रंथालयातून किती मिळाली, मामींच्या हाती महिन्याला काय दिले, शेजारच्या दोन मुलींना शिकवून दरमहा पंधरा रुपये कसे मिळतात, पुढील दोन वर्षांना काय लागेल आणि त्यांतले माझ्याच्याने किती भागेल, ते ओळीने मांडले. पदवी झाल्यावर शाळेत नोकरी मिळू शकते, हेही लिहिले. शेवटी, स्थळ पाहण्यास माझी ना नाही, दोन वर्षे थांबतील असे पाहावे, एवढे एकच मागणे. पत्र पेटीत टाकल्यावर मला धाप लागली होती.

बारा दिवसांनी कार्ड आले. ‘हिशेब पाहिला, बरोबर आहे. फी मनीऑर्डरने पाठवीत आहे. आजी विचारते, तूर किती वर्षे दिली ते सरांना कळविलेस का.’

मी बी.ए. झाले, पुढे बी.एड., आणि एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकविले. लग्नही यथाकाल झाले. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. त्या एका पत्राने मला जे कळले ते मात्र फार मोठे होते. आवाज न चढविता, कोणाचा उपमर्द न करता, आपले म्हणणे एखाद्या जागेसारखे चारी बाजूंनी आखून समोर ठेवता येते. मग समोरच्याला ते ओलांडून जाणे अवघड होते. पुढे आयुष्यात बऱ्याच प्रसंगी मी गप्प बसले आहे, पण बोलता येत नाही म्हणून नव्हे.

आमच्या राज्यात २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले, आणि पहिल्या वर्षाच्या आधार पाठ्यक्रमात भाषेला जागा आहे. जागा आहे याचा मला आनंद वाटतो. पण दुकानात त्याच विषयाची मार्गदर्शके रचून ठेवलेली दिसतात आणि त्यांत नदी अजून खळखळतेच आहे. अकरा वह्यांच्या समासात प्रश्न लिहिणे एका माणसाला शक्य होते. दोनशे वह्यांच्या समासात नाही, हेही खरे. मी स्वतः शिक्षिका होते, मला ते पक्के ठाऊक आहे. तरी एवढे वाटते की दोनशेंतल्या वीस तरी वह्यांना वर्षातून एकदा असा समास मिळावा.

निसरपुरात पाणी आले ते २०१९ मध्ये. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले होते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला प्रथमच भरला. बाजार, कुंभारवाडा, आमची गल्ली पाण्याखाली गेली. आजी आणि अण्णा तोवर राहिले नव्हते. घरी होते ते चुलतभावाचे कुटुंब. त्याआधी दोन वर्षे तो कागदांची पिशवी घेऊन इंदूरला माझ्याकडे येई. कोणत्या अर्जात घराचे वर्णन हवे, कोणत्यात जुना हक्क कसा आला ते हवे. मी माळ्यावरची जुनी वही काढली. त्या वहीला कायद्याने कवडीची किंमत नव्हती हे सांगितले पाहिजे. परंतु ती उघडून बसले तेव्हा कोणती भिंत सामाईक आणि विहिरीवर कोणाचा हक्क, हे मला कोणास विचारावे लागले नाही. अर्ज तासाभरात झाला. तो हिंदीत होता. मग भाऊ म्हणाला, “ताई, शेजारचेही आले आहेत, खाली बसले आहेत.”

त्या पावसाळ्यापूर्वी मी निसरपूरला जाऊन अठरा दिवस राहिले. ओसरीवर सतरंजी घालून बसत असे आणि लोक येत. कुंभारांच्या घरातील वृद्ध बाई आल्या, त्यांच्या आव्याचा धूर माझ्या वहीत होता. माती कोठून आणता, आवा किती घरांचा, पावसाळ्यात माल कोठे ठेवता, असे मी विचारीत गेले आणि त्या सांगत गेल्या. एके ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, की हे आजवर आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. त्यांचा अर्ज पाच पानांचा झाला. त्याने त्यांना काय मिळाले आणि काय नाही, तो या लेखाचा विषय नव्हे. पण लिहिलेले वाचून दाखविल्यावर त्यांनी एक दुरुस्ती सुचविली, आजी सुचवी तशीच, आणि मगच अंगठा उठविला.

निंब मात्र पाण्यापूर्वीच तोडावा लागला. तो कोणाचा या प्रश्नावर तेव्हाही दोन पक्ष पडले, असे भावाने सांगितले.

नव्या वस्तीला तिकडे बसाहट म्हणतात. घरांना क्रमांक आहेत, रस्ते सरळ आहेत. चुलतभावाची नात तेथून कुक्षीला महाविद्यालयात जाते. यंदा तिचे पहिले वर्ष. मध्यंतरी तिने फोनवर आपला निबंध पाठविला. विषय ‘मेरा गाँव’, आणि पहिल्याच ओळीत गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले. मी तिला एवढेच लिहिले, की कोणते गाव, जुने की नवे? त्यावर दोन दिवस काही उत्तर नाही. मग तिने विचारले, आजी, जुने मी नीट पाहिलेले नाही, नव्याचे लिहिले तर चालेल का? मी तिला चार दिशा लिहून पाठविल्या आणि पुढे जागा मोकळी सोडली. आठव्या दिवशी उत्तर आले. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस तिच्या मैत्रिणीचे घर, उत्तरेस पाण्याची टाकी. पश्चिमेकडच्या घरात कोण राहते ते तिला ठाऊक नव्हते. संध्याकाळी जाऊन विचारून येते म्हणाली.